आइंडहोवनमधला बिनकांद्याचा चातुर्मास

गेल्या आठवड्यात मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप आला. शनिवारी दुपारी तळ्याकाठच्या बागेत कांदेनवमी. कढई आणि गॅस मंडळाचा, कांदे ज्याने त्याने घरून चिरून आणायचे, बसायला खुर्ची आपापली. खाली लगेच अंगठ्यांची रांग लागली. आमच्या इथल्या मराठी माणसांचं मला फार कौतुक वाटतं. पुढचे चार महिने कांदा-लसूण सोडायचा म्हणून आधी एकदा पोटभर खाऊन घ्यायचा, अशी ती नवमी. सोडत कुणीच काही नाही. खाऊन घ्यायचं तेवढं सगळ्यांच्या बरोबर लक्षात आहे.

मीही अंगठा दिला. शनिवारी सकाळी ओट्याशी उभी राहून कांदे चिरायला घेतले आणि शूफेनची आठवण आली. कांदा चिरताना कुणाची आठवण आली तर एक सोय असते, कुणाला काही सांगावं लागत नाही. तरी सांगायलाही घरात कुणी नव्हतंच.

मी निफाडची. आमच्याकडे कांदा ही भाजी नाही, हवा आहे. कांदा निघायच्या दिवसांत वर्गात, एसटीत, वाचनालयात, लग्नाच्या मांडवातसुद्धा त्याचा वास असायचा, आणि तो वास आहे हे आम्हाला निफाड सोडल्यावर कळलं. वडील शाळेत मास्तर होते. शेत नव्हतं, तरी घराच्या मागच्या पडवीत कुणाकुणाच्या शेतातले कांदे येऊन पडलेले असायचे. भाकरीबरोबर बुक्कीने फोडलेला कांदा नसेल तर जेवण झालं असं आम्ही धरतच नव्हतो. अशा मुलीने चार महिने कांद्याचं तोंड पाहिलं नाही, तेही हॉलंडात, तेही कुठल्या देवासाठी नाही, हे निफाडला सांगितलं तर लोक मला तपासून घ्यायला सांगतील.

शूफेन भेटली त्या वर्षीचा उन्हाळा माझ्या घरातून माणसं घेऊन गेला. श्रीधर, माझा नवरा, त्याच्या वडिलांसाठी पुण्याला गेला. अण्णा अंथरुणाला खिळले होते आणि बाई ठेवून भागण्यातलं ते दुखणं नव्हतं. तात्पुरतं म्हणून गेला. तात्पुरतं हा शब्द आमच्या घरात तेव्हापासून मुक्कामाला आहे. ईशा ग्रोनिंगेनला शिकायला गेली. देशाच्या दुसऱ्या टोकाला. एवढ्याशा देशात मुलीने राहायला तेच टोक शोधून काढलं. मी मागे राहिले, कारण माझी नोकरी इथल्या चिपच्या यंत्रांतली, आणि ती पुण्याच्या घरातून करता येत नाही.

एकटेपणा हिवाळ्यात येतो असं मला वाटायचं. अंधार, पाऊस, ओले हातमोजे, अशी त्याची सगळी तयारी मी ऐकून होते. माझा आला तो जुलैत, रात्री दहापर्यंत टिकणाऱ्या उजेडात. ऑफिसातून सहाला निघावं, आणि पुढे अख्खा एक दिवस शिल्लक. त्यात ही माणसं खिडक्यांना पडदे लावत नाहीत. सहा वाजता सायकलवरून गल्लीतून जाताना घराघरांतली जेवणं दिसतात. टेबल, बटाटे, मुलांचे पिवळे केस, कुणीतरी उठून पाणी आणतंय. रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि आतमध्ये सगळे जेवतायत. मी मुद्दाम पेडल जोरात मारायचे.

घरी येऊन मी ओट्याशी उभ्याउभ्या ब्रेड आणि चीज खायचे. ताट घेत नसे. श्रीधरचा फोन आला की तो विचारायचा, "जेवलीस का?" मी म्हणायचे, "हो." "काय केलंस?" "पोळी-भाजी." हे खोटं रोज इतकं सहज निघायचं की मला त्याची भीती वाटायला लागली. ब्रेडची भीती नव्हती. लोक आयुष्यभर ब्रेड खातात, सहा-सहा फूट वाढतात. भीती ही होती की कुणासाठी काही करायची माझी सवयच मोडेल. ती मोडली की मग ईशा सुट्टीला आली, श्रीधर परत आला, तरी मी ओट्याशी उभीच असेन. त्या जुलैत मला या एकाच गोष्टीने झोप लागत नव्हती.

शूफेन मला लिफ्टमध्ये भेटली. तैवानहून काही महिन्यांच्या कामासाठी आलेली, माझ्याच मजल्यावर, माझ्याच वयाची. केस कानापर्यंत कापलेले, खांद्याला कापडी पिशवी. दुपारचे साडेबारा वाजले असतील. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "जेवलीस?" इतकी वर्षं मी या इमारतीत आहे. हवामानाबद्दल मला हजारदा विचारलं गेलंय, वीकेंडबद्दल त्याहून जास्त. हे कुणी विचारलं नव्हतं. मी इतकी गोंधळले की खरं सांगून बसले. म्हटलं, "नाही."

नंतर कळलं की त्यांच्याकडे हे नमस्कारासारखंच विचारतात. तिची आई ताइनानहून फोन करते तेव्हा तिचंही पहिलं वाक्य तेच. आमचं सगळं बोलणं इंग्रजीतलं. तिचं इंग्रजी मोजकं, माझं भरभरून. पण हा एक प्रश्न आम्ही दोघींनी आपापल्या आईकडून उचललेला होता, त्यामुळे त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही.

पहिल्याच रविवारी तिने मला बोलावलं. तिचं तात्पुरतं घर माझ्या घरासमोर, कालव्यापलीकडे. तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीला आता कुणीतरी निळे पडदे लावलेत. मी पडदे बघत बघत कामाला जाते आणि ज्यांनी ते लावले त्यांना मनातल्या मनात डच नाहीत म्हणून ओळखते. मी तिला आधीच सांगितलं होतं की मी शाकाहारी आहे. ती म्हणाली, "माझी आईसुद्धा. मला सगळं माहीत आहे. तू काळजी करू नको." ही जी तिला माहिती होती, तिने पुढचे चार महिने आमचं काय केलं ते आता सांगते.

तिने गरम पाण्यात मैदा भिजवून ठेवला होता. त्याची पोळी लाटली, वर तेल फिरवलं, मीठ, भाजलेले तीळ, थोडी कोथिंबीर. मग पोळीची सुरळी केली, सुरळीची गोल गुंडाळी, आणि ती पुन्हा लाटून तव्यावर टाकली. भाजत आल्यावर दोन उलथण्यांनी दोन्ही बाजूंनी चेपली तशी ती फुलून आली आणि पदर सुटले. मी जातिवंत पोळ्या करणारी बाई, पण मीही मान हलवली. तिच्या गावात ही गाडीवर मिळते. संध्याकाळी शाळा सुटली की गाडीपुढे गर्दी, कागदात गुंडाळलेली पोळी, हात भाजतायत तरी पहिला घास तिथेच. ती सांगत होती आणि मी खात होते. छान होती. थोडी मुकी होती. काहीतरी बोलता बोलता राहून गेल्यासारखी.

मी आजूबाजूला पाहिलं. तिच्या फडताळात पांढऱ्या वस्त्रातल्या देवीची छोटी तसबीर होती, समोर उदबत्ती. भाजीत कांदा नाही, सुपात लसूण नाही, पोळीतही काही नाही. आमच्याकडे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात उभं राहून "कांदा का नाही?" असं विचारत नाहीत. असेल काही व्रत, असेल नवस. माझ्या सासूबाई चातुर्मास पाळायच्या तेव्हा त्यांच्यासमोर आम्ही कांदेपोह्यांचं नावसुद्धा काढत नसू. मी घरी आले ती ठरवूनच. ही बाई कांदा-लसूण खात नाही. मग तिच्यासाठी करायचं ते तसंच करायचं.

पुढच्या रविवारी मी तिला जेवायला बोलावलं. कितीतरी दिवसांनी कुकरची शिट्टी झाली. वरण, भात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, आणि कांद्याच्या जागी सढळ हाताने हिंग. तिने प्रत्येक पदार्थ हुंगल्यासारखा करून खाल्ला, मग दुसऱ्यांदा घेतला. त्या संध्याकाळी श्रीधरने विचारलं तेव्हा मी अख्खं ताट सांगितलं, डावी-उजवी बाजू धरून. तो म्हणाला, "अरे वा, आज सणबिण आहे का?"

असे ते रविवार सुरू झाले. एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे. आता त्यांचा क्रम लागत नाही, वास मात्र नीट लागतात.

साबुदाण्याचा रविवार आठवतो. तिने गुळाच्या पाकात मुरवलेले काळे टपोरे गोळे दुधाच्या चहात घालून दिले, बरोबर जाड नळी. हा त्यांचा चहा आता इथे स्टेशनजवळही मिळतो, ईशाच्या वयाची पोरं तो घेऊन फिरत असतात. मी गोळा चावला आणि म्हटलं, अगं, हा तर साबुदाण्याचा थोरला भाऊ. मग तिला मी साबुदाण्याची खिचडी केली. तिखट मिरच्या, दाण्याचं कूट, बटाटा, जिरं. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. आपल्याकडे कुणी श्रीखंडाला फोडणी दिली तर आपला होईल तसा. "हे गोड असतं ना?" ती विचारत राहिली, आणि खात राहिली. उपासाला आम्ही हे खातो म्हटल्यावर तिने तूप लागलेल्या बोटांकडे पाहिलं आणि म्हणाली, "हा उपास मलाही जमेल."

चिक्कीचा रविवार तर भांडणाचाच. तिच्या गावात गाडीवर शेंगदाण्याच्या चिक्कीचा उशीएवढा ठोकळा असतो आणि विक्रेता त्यावर सुताराचा रंधा मारतो. तो भुगा पातळ पोळीवर पसरायचा, त्यावर आइस्क्रीमचे गोळे, आणि त्यावर चिरलेली कोथिंबीर. कोथिंबीर! मी म्हटलं, मी निफाडची आहे, मी बरंच काही सहन करते, पण हे नाही. ती हट्टाला पेटली. मी टोकोतून, म्हणजे इथल्या आशियाई किराणावाल्याकडून, चिक्की आणली. रंधा नव्हता, म्हणून तिने घरातली चीज कापायची पट्टी घेतली, जी इथे प्रत्येक घरात असतेच. चिक्कीला ओरखडासुद्धा उठला नाही, पट्टी वाकली. शेवटी मी खलबत्ता काढला. कोथिंबिरीचं म्हणाल तर तिचंच बरोबर होतं. दाणे, थंड दूध आणि वर तो हिरवा वास. मी दुसरी मागून घेतली, पण हरले असं कबूल केलं नाही.

ऑगस्टात चार दिवस ऊन तापलं तेव्हा तिने कोहळ्याचा चहा पाजला. चहा कसला, कोहळा गुळात तासन्‌तास शिजवून गाळलेलं काळपट गार पाणी. मला त्यात कोहळ्याच्या वड्यांचा आणि काकवीचा एकत्र वास आला. आम्ही गॅलरीत बसलो होतो. खाली कालव्यात पोरं उड्या मारत होती. ती म्हणाली, "आमच्याकडे आता रस्त्यावर स्टुलं मांडली असतील." मग बराच वेळ सांगत राहिली. लाल निळी प्लास्टिकची बुटकी स्टुलं, वाफा, ओरडा, स्कूटर, कुणाच्या तरी कोपराचा धक्का. तिथे एकटं माणूस जेवायला आलं तरी एकटं जेवत नाही, शेजारच्या स्टुलावर कुणीतरी असतंच, आणि ते कुणीतरी तुमच्या वाडग्यात डोकावून बघतंच. "इथे कुणी माझ्या वाडग्यात बघत नाही," ती म्हणाली. तिचा मुलगा मोठ्या परीक्षेच्या तयारीत होता आणि तिच्या लांबलचक निरोपांना एका अक्षरात उत्तर द्यायचा. माझी मुलगी निदान दोन अक्षरं द्यायची, ओके. आम्ही दोघींनी आपापले फोन एकमेकींना दाखवले आणि गार कोहळा पीत बसलो.

मला तिथे स्पष्ट जाणवलं की ही गेली की माझं अवघड आहे.

आणि कांदा? कांदा मी सोडलाच. आधी फक्त रविवारी सोडला. पण डच स्वयंपाकघर म्हणजे काडेपेटी. शनिवारी परतलेल्या कांद्याचा वास सोमवारपर्यंत पडद्यात बसतो, आणि शूफेन कधीही दार वाजवायची, वाटीत काहीतरी घेऊन. तिला वास आला तर? तिच्या व्रताला आपल्यामुळे धक्का नको. मग हळूहळू कांद्याची जाळी आणणंच बंद केलं. मंडळाच्या गणपतीत पावभाजी होती, शूफेन बरोबर आली होती, म्हणून मी दोघींसाठी वरण-भाताच्या रांगेत उभी राहिले. मागून पावभाजीचा वास येत होता. मी तिच्याकडे पाहिलं. ती पावभाजीच्या कढईकडे टक लावून बघत होती. मला वाटलं, बिचारी, मळमळतंय वाटतं तिला. मी तिला हाताला धरून लांब नेलं.

आज हसू येतं. पण त्या चार महिन्यांत मला जेवण बेचव लागल्याचं आठवत नाही. सासूबाई चातुर्मासात इतक्या खूश का असायच्या हे मला तेव्हा कळलं. रोज चुलीपाशी उभं राहिलं की एक गोष्ट हाताशी येते आणि आपण ती बाजूला ठेवतो, आणि प्रत्येक वेळी ती कुणासाठी ठेवली त्याची आठवण होते. त्यांना देव आठवत असेल. मला कालव्यापलीकडची तिसऱ्या मजल्यावरची खिडकी आठवायची.

ऑक्टोबरात थंडी पडली. खिडकीतली तुळस दरवर्षीप्रमाणे काळी पडली. शूफेनने सोयाबीनच्या दुधाचा खरवस केला, म्हणजे दिसायला खरवस, तोंडात धरला तर नाहीसा होणारा. वर आल्याचा गरम पाक आणि मऊ शिजवलेले शेंगदाणे. त्यांच्याकडे म्हणे हा उन्हाळ्यात बर्फ घालून खातात आणि थंडीत असा. आल्याने नाक मोकळं झालं. घड्याळं एक तास मागे गेली होती आणि पाच-साडेपाचलाच बाहेर दिवे लागायला लागले होते. तिने वाडगं खाली ठेवून सांगितलं की तिची परतीची तारीख आली आहे. मी म्हटलं, "छान. घरी जाशील." आणि आणखी खरवस मागितला, कारण तोंडात काहीतरी हवं होतं.

शेवटचा रविवार माझ्याकडे होता. तुळशीच्या लग्नाचे दिवस, म्हणजे पंचांगाप्रमाणे चातुर्मास संपतच आला होता. योगायोगाने, म्हणजे मी तीनदा फोन केल्यावर, ईशा त्या शनिवार-रविवारी घरी आली होती. मी भरली वांगी केली होती, दाण्याचं कूट, तीळ, खोबरं आणि हिंग घालून. ईशाने पहिला घास घेतला, चावला, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, व्हेअर इज द कांदा?"

मी डोळे वटारले. मराठीत, हलक्या आवाजात म्हटलं, "मावशी खात नाहीत. गप्प जेव."

ईशा इथे वाढलेली. तिला डोळे वटारणं म्हणजे काय हे कळतं, पण त्याने गप्प बसायचं असतं हे या देशाने तिला शिकवलेलं नाही. ती सरळ शूफेनकडे वळली आणि इंग्रजीत विचारलं, "तुम्ही कांदा खात नाही का?"

"मी?" शूफेन म्हणाली. "मी खाते. तुझी आई खात नाही."

ईशा एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. मग ती जी हसत सुटली, ती थेट खुर्चीवरून खाली. आम्ही दोघी मात्र हसत नव्हतो. आम्ही एकमेकींकडे बघत चार महिने आठवत होतो.

मग सगळं बाहेर आलं. त्यांच्याकडे शाकाहारी म्हणजे कांदा-लसूण वर्ज्य, तिची आई प्रतिपदेला आणि पौर्णिमेला पाळते तसं. मी शाकाहारी आहे असं म्हटलं आणि तिने पहिल्या दिवसापासून सगळं काढून टाकलं. ती पदर सुटलेली पोळी? तिचं नावच मुळी कांदापातीच्या तेलाची पोळी. चार महिने ती मला कांदापातीशिवाय कांदापातीची पोळी खाऊ घालत होती. आणि गणपतीतली पावभाजी? "मला हवी होती," ती म्हणाली. "तू मला ओढून नेलंस." दर शुक्रवारी ती म्हणे ऑफिसातून परस्पर स्टेशनजवळच्या खानावळीत जाऊन लसणाच्या शेवया खायची आणि घरी येईपर्यंत पुदिन्याच्या गोळ्या चघळायची. मला वास येऊ नये म्हणून.

"आणि एक गंमत आहे," शूफेन बोटं मोजत म्हणाली. आईच्या व्रतात पाच उग्र गोष्टी वर्ज्य. कांद्यालसणाच्या घरातल्या चार सगळ्यांना ओळखू येतात. पाचवीचं नुसतं नाव आहे. ती भारतातली कुठलीशी वस्तू, त्यांच्या गल्लीत ती कुणी कधी पाहिलेलीच नाही. आई तीही न चुकता सोडते. ईशाने फोन काढून शोधलं, आणि स्क्रीन माझ्यासमोर धरला. तो हिंग होता. कांदा नको म्हणून मी चार महिने जो सढळ हाताने घालत होते, तो.

आता मात्र आम्ही तिघी हसलो. इतक्या की शेजारच्या डच आजोबांनी भिंतीवर टकटक केली.

ईशा सायकल घेऊन गेली आणि सुपरमार्केटमधून कांदापातीच्या दोन जुड्या घेऊन आली. शूफेनने बाह्या सरसावल्या. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या तव्यावर ती पोळी तिच्या खऱ्या नावाने भाजली गेली. तेलात कांदापात तडतडली आणि खोलीभर जो वास सुटला त्याने मला थेट निफाडच्या पडवीत नेऊन सोडलं. आम्ही ताटं घेतलीच नाहीत. तव्यावरून हातात, हातातून तोंडात. ईशा मधे उभी, एका हाताला मी, एका हाताला ती. खोटं कशाला बोलू, ती पोळी कितीतरी पटीने चांगली होती. मुकेपणा गेला होता तिचा. आणि ती पहिली आणि शेवटची होती.

निघताना स्टेशनवर शूफेनने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, हिंगाची डबी. म्हणाली, "आईला दाखवीन. आयुष्यभर जे सोडलं ते दिसतं तरी कसं, बघू दे तिला." गाडी आली. त्यांच्याकडे मिठी मारत नाहीत, आमच्याकडेही फारशी नाही. ती दारात उभी राहिली आणि विचारलं, "जेवलीस?" मी हो म्हटलं. दार लागलं.

नंतर तिचा निरोप आला होता. आईने डबी उघडली, वास घेतला, झाकण घट्ट लावलं आणि म्हणाली, हे सोडणं सोपं होतं.

ती गेली त्या रात्री मी स्टेशनवरून येताना वाटेत कांदे घेऊन आले होते. चार महिन्यांची भूक होती. दोन मोठे कांदे लालबुंद परतले, पिठलं केलं, वर एक कच्चा फोडून घेतला. तोही बुक्कीने, निफाडच्या पद्धतीने. सगळं बरोबर होतं. ताट मांडून बसले होते. आणि तिसऱ्या घासाला लक्षात आलं की आता कधीही, कितीही कांदा खाल्ला तरी कुणाला काही होणार नाही. कुणी दार वाजवणार नाही. वास पडद्यात महिनाभर बसला तरी चालेल. मला इतकं मोकळं कधी वाटलं नव्हतं, आणि इतकं वाईटही. कांदा खायला कुणी लागत नाही. सोडायला माणूस लागतं.

तेव्हापासून माझं असंच चाललंय. शूफेन अधूनमधून फोटो पाठवते, गाडीचे, स्टुलांचे, मुलगा कॉलेजात गेल्याचा. ईशा दोन अक्षरांवरून एका चित्रावर आली आहे. श्रीधर अजून तात्पुरता पुण्यात आहे. अण्णा आता कधी फोनवर मला, कधी समोर असून त्याला ओळखत नाहीत, पण चमचा तोंडाशी नेला की "तू जेवलास?" असं विचारतात म्हणे. ओट्याशी उभं राहून ब्रेड खाण्याचे दिवस परत आले होते. ते उगीच कशाला लपवू.

काल कांदेनवमी झाली. भजी उत्तम झाली होती, लोकांनी माझ्या बारीक चिरण्याचं कौतुक केलं. खुर्ची सायकलला बांधून घरी आले. आज रविवार. सकाळपासून काही ठरवलं नव्हतं. संध्याकाळी गरम पाण्यात मैदा भिजवला, झाकून ठेवला. पिशवीत कालचे चार कांदे उरले होते, फ्रिजमध्ये पातीची जुडीही होती. मी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. तेल, मीठ, तीळ, कोथिंबीर. सुरळी, गुंडाळी, पुन्हा लाटणं. दोन उलथण्यांनी दोन्ही बाजूंनी चेपली, पदर सुटले.

फोन वाजला. पुण्यात झोपायची वेळ झाली होती, इथे खिडकीत लख्ख ऊन.

"जेवलीस का?" श्रीधर म्हणाला.

"बसतेच आहे."

"काय केलंयस?"

मी खरं सांगितलं. कांदापातीची पोळी, कांदापात न घालता.

तो हसला. त्याला सगळी गोष्ट माहीत आहे. "अगं, मग आता घाल की कांदा. तिथे आहे कोण?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "तरी दोन झाल्यात."

पलीकडे त्याने अण्णांच्या खोलीचं दार हळूच ओढून घेतलं तसा आतल्या पंख्याचा आवाज थांबला.

"एक माझी ठेव," तो म्हणाला.

मी ताट घेतलं, एक पोळी वाढून घेतली आणि टेबलाशी बसले. दुसरीवर ताटली झाकून ठेवली.